पार्श्वभूमी धूसर करणेबाबत

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक तलाव आहे, अशी आम्हा रहिवाशांची समजूत होती. नोव्हेंबरमध्ये मागच्या फाटकावर एक नोटीस चिकटवलेली आढळली आणि समजूत दूर झाली. नोटिशीत बेंगळुरूच्या तलाव विभागानं कळवलं होतं की, मुद्दनकेरे नावाचा जलाशय प्रत्यक्ष पाहणीत आढळून आला नाही. सबब त्याची नोंद 'रिकामी जागा' अशी करण्यात येत आहे. कुणाची हरकत असल्यास ती पुराव्यासह जानेवारीअखेर दाखल करावी. नोटीस चिकटवायला आलेल्या माणसाची एक चप्पल परत जाताना रिकाम्या जागेत बुडाली. ती काढायला आमच्या वॉचमननं बांबू दिला.

बाकीच्यांनी नोटीस वाचून 'अरेरे' म्हटलं आणि ते लिफ्टकडे गेले. माझी आई, सुलभा, तिथंच उभी राहिली. बाबा निवृत्त झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सुटलं, त्यासोबत आईची तीस वर्षांची बाग आणि शेजारणीही सुटल्या. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती पाहुण्यासारखी वागायची. स्वतःच्याच घरात विचारून पंखा लावायची. मग तिला तलाव सापडला. रोज सकाळी ती काठानं चालायची आणि एका दगडावर बसून पेलिकन बघायची. मराठीत त्यांना झोळीवाले म्हणतात, हे तिनंच शोधून काढलं. परत आली की नाश्त्याबरोबर आम्हाला झोळीवाल्यांच्या घरातली भांडणंही मिळायची.

"हे म्हणतात तलाव नाही," ती मला म्हणाली. "मग मी रोज सकाळी जाते कुठं?"

तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि आम्ही तलाव विभागात गेलो. तिथले अधिकारी नागराज अत्यंत सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनी आईला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. संभाषण कन्नडमध्ये झालं. आईची कन्नड पस्तीस वर्षांची मुरलेली आहे. इथं मराठीत देतो.

"पाणी छान दिसतंय, अम्मा. पण नुसतं पाणी म्हणजे तलाव नव्हे. पावसाचंही साचतं. ज्याच्यावर पक्षी अवलंबून आहेत, तो तलाव. पक्षी कुठेत?"

"हा काय."

"हा पांढरा ठिपका?"

"तो पेलिकन आहे."

"थर्माकोलही असू शकतो," नागराज हळुवारपणे म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे थर्माकोलच्या पुष्कळ हरकती येतात. तुम्ही स्पष्ट फोटो आणा. चोच दिसली पाहिजे, पिसं दिसली पाहिजेत. मी स्वतः फाइल पुढं पाठवतो."

म्हणजे चांगला कॅमेरा हवा होता. आमच्या घरात कुणाकडे तो नव्हता. पण सोसायटीतल्या मराठी मंडळाकडे गणपतीच्या वर्गणीतून उरलेली रक्कम होती. ती दरवर्षी उरते, आणि दरवर्षी तिच्यावरून भांडण होऊन ती बँकेत पडून राहते. या वेळी मात्र मंडळाच्या अध्यक्ष संध्याअक्कांनी ठामपणे सांगितलं, "कॅमेरा घेऊया. गणपती काय, पक्षी काय, शेवटी पाण्याचाच विषय." अक्कांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरात आहे. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याचा माणूस ऐकताना मान डोलावतो आणि नंतर आम्हाला अर्थ विचारतो.

पुण्याचा माणूस म्हणजे गिरीराज. तो आणि मी मारतहळ्ळीला एकाच टेक पार्कमध्ये कामाला, त्यामुळे कॅबही एकच. गिरीराज गेली चार वर्षं आपला पहिला कॅमेरा घेतोय. रोज रात्री परीक्षणाचे व्हिडिओ बघतो आणि रोज सकाळी मला सांगतो. सेन्सरचे सगळे प्रकार सांगून होतात तरी हेब्बाळचा पूल येत नाही. त्याच्याकडे कॅमेरा नसल्यामुळे त्याचं ज्ञान कुठल्याही एका कंपनीकडे झुकलेलं नव्हतं. कॅमेरा खरेदी पोटसमितीत तो तज्ज्ञ म्हणून एकमतानं निवडला गेला. मी तरुण असल्यामुळे सचिव. आणि निमंत्रक म्हणून बाबा.

बाबा, म्हणजे विद्याधर, एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात होते. संपूर्ण कारकिर्दीत त्यांनी एकही वस्तू घाईनं घेतली नाही, आणि कित्येक वस्तू तर घेतल्याच नाहीत. त्यांच्यावर कधी एकही ठपका आला नाही. आईला ते घरी भाजी आणून देत नाहीत, कारण तीन ठिकाणचे भाव येईपर्यंत पालेभाजी तग धरत नाही.

पहिली बैठक क्लब हाउसमध्ये झाली.

"काकू, आधी तुमचा यूज केस क्लिअर करू," गिरीराज लॅपटॉप उघडत म्हणाला. "पोर्ट्रेट, स्ट्रीट, वाइल्डलाइफ, की व्लॉगिंग?"

"हरकत," आई म्हणाली.

"नाही, म्हणजे तुम्हाला काय शूट करायचंय?"

"एक पक्षी. लांबून. जानेवारीच्या आत."

"ते ठीक आहे, पण नंतर तुम्ही ग्रो होणार ना? दोन वर्षांनी तुम्हाला हाच कॅमेरा कमी पडला तर?"

"दोन वर्षांनी तलाव राहिला तर बघू, गिरीराज."

गिरीराजनं समंजसपणे मान हलवली. नवशिक्या लोकांची हीच चूक होते, असं त्यानं ऐकलं होतं. मग त्यानं आवाज खाली आणला. "एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. बॉडी आज आहे, उद्या नाही. बॉडी येते, जुनी होते, जाते. लेन्स मात्र राहते."

संध्याअक्कांनी नकळत हात जोडले. "आमचे स्वामीजी अगदी हेच सांगतात, होय हो," त्या म्हणाल्या. मागच्या खुर्चीवरच्या एका काकांनी डोळे पुसले. त्यांचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

एकदा हे तत्त्व मान्य झाल्यावर पुढचं ओघानंच आलं. देवाच्या नावानं जमवलेला पैसा आधी नाशवंत वस्तूवर खर्च करणं योग्य नव्हे. सबब प्रथम लेन्स घ्यावी, आणि उरलेल्या रकमेत बॉडी बघावी, असा ठराव झाला.

"आणि नुसत्या लेन्सनं फोटो कसा काढायचा?" आईनं विचारलं.

"सुलभा, कामं टप्प्याटप्प्यानं होतात," बाबा म्हणाले. "आमच्याकडे मोठी क्रेन आली तेव्हा शेडला छप्पर तरी कुठं होतं?"

"आणि ती क्रेन गंजली."

"गंजली. पण आली होती."

लेन्ससाठी तीन दुकानांकडून भाव मागवण्यात आले. नवी लेन्स मंडळाच्या कुवतीबाहेरची निघाल्यानं वापरलेली घ्यायचं ठरलं. मॅजेस्टिकजवळच्या एका गल्लीतल्या दुकानदारानं जाड दंडगोल लेन्स कापडात गुंडाळून बाहेर काढली. "आत स्वल्प धूळ आहे, सार्. फोटोत येत नाही." बाबांनी ते लिहून मागितलं. 'स्वल्प' म्हणजे नक्की किती, यावर पुढचे दोन आठवडे गेले.

याच दरम्यान बाबांना कळलं की, तशीच दिसणारी दुसरी लेन्स निम्म्या किमतीत मिळते.

"काका, हिचं भोक मोठं आहे," गिरीराजनं समजावलं. "दोन पॉइंट आठ. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. सगळी किंमत त्या भोकाची आहे."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "भोकाचे पैसे? आख्ख्या नोकरीत मी पत्र्याचे पैसे दिले, भोकाचे कधी दिले नाहीत. भोक पुरवठादारानं आपल्या खर्चानं पाडून द्यायचं असतं."

"पण या भोकामुळेच तर मागचं सगळं मस्त ब्लर होतं. प्रो लुक येतो."

"म्हणजे पैसे जास्त देऊन दिसतं कमी?"

"एक्झॅक्टली!"

बाबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार दिला. उत्तम प्रतीची यंत्रसामग्री नेहमी अशीच असते, असं त्यांचं मत पडलं. लेन्स आली. डिसेंबर लागला होता.

आता लेन्स अमर असली तरी बेंगळुरूच्या हवेत तिला बुरशी लागते, असं गिरीराजनं बजावलं. सबब ती आमच्या घरी तांदळाच्या हवाबंद डब्यात ठेवण्यात आली आणि तांदूळ बादलीत आला. लेन्सवर ओरखडा उठू नये म्हणून पुढं फिल्टर घेतला. फिल्टर महागाचा निघाल्यानं त्याच्यावर ओरखडा उठू नये म्हणून पुढं गोल कॉलर घेतली. हे सगळं मावावं म्हणून कॅमेऱ्याची बॅग घेतली, आणि बॅग कॅमेऱ्याची आहे हे चोरांना कळू नये म्हणून ती एका खताच्या गोणीत घालायचं ठरलं. संध्याअक्कांच्या आग्रहावरून लेन्सची पूजाही झाली. हळद, कुंकू, लिंबू आणि फाटकाबाहेर फोडलेला कोहळा. कुंकवाचं बोट बरोबर मधोमध टेकलं. फिल्टरचे पैसे वसूल झाले, असं बाबा म्हणाले.

आई रोज सकाळी येऊन सांगायची, "आज तलावाच्या कडेला लाल झेंडे लावलेत." दुसऱ्या दिवशी, "आज एक जेसीबी उभा आहे." पोटसमिती त्याची नोंद घ्यायची.

बॉडीची खरेदी बाबांनी स्वतंत्र निविदेनं केली. लेन्स आणि बॉडी एकाच ठिकाणी घेतली तर संगनमताचा संशय येतो. सर्वांत कमी भाव ज्याचा, त्याची बॉडी घेतली. ती घरी आणून आम्ही लेन्सला लावायला गेलो तर लागेना. बॉडी एका कंपनीची होती आणि लेन्स दुसरीची.

"काका, हे वेगळे माउंट आहेत," गिरीराज कपाळ धरून म्हणाला. "हे बेसिक आहे!"

"तू तज्ज्ञ होतास ना?"

"मी लेन्सचा तज्ज्ञ होतो. बॉडी तुम्ही नाशवंत ठरवलीत म्हणून मी त्यात लक्ष घातलं नाही."

"घाबरू नकोस. आमच्याकडे एका देशाचा पंप आणि दुसऱ्या देशाची मोटर असायची. मध्ये एक तुकडा बसवला की झालं."

मध्ये बसवायचा तुकडा मिळतो, त्याला अडॅप्टर म्हणतात. तो मागवला. तो लावल्यावर लेन्स आणि बॉडी जोडली गेली, पण एकमेकांशी बोलेनात. फोकस आता हातानंच फिरवावा लागणार होता. आई म्हणाली, "काही हरकत नाही, मला द्या, मी फिरवते."

"थांबा काकू, आधी टेस्टिंग," गिरीराज म्हणाला.

लेन्स कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत धारदार आहे की नाही, हे विटांच्या भिंतीचे फोटो काढून तपासायचं असतं. सोसायटीची सगळी कंपाउंड वॉल आतून टिपण्यात आली. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली वीट किंचित मवाळ आढळली. लेन्स मवाळ की वीट, हे ठरवण्यासाठी दुसऱ्या विटा टिपण्यात आल्या. मी सचिव म्हणून त्या भिंतीकडे इतका पाहत होतो की, पलीकडून ट्रकमधून माती ओतल्याचा आवाज येतोय हे माझ्या कधी लक्षात आलं कळत नाही. बहुतेक चौथ्या दिवशी. आमच्याकडे आता त्या भिंतीचे हजारेक अप्रतिम फोटो आहेत. तलाव तिच्या बरोबर मागे होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गोणी घेऊन एकदाचे तलावावर निघालो. काठावर विभागानं एक पहारेकरी नेमला होता. रिकाम्या जागेत कुणी बुडू नये, ही त्याची जबाबदारी होती.

त्यानं आम्हाला अडवलं. "मोबाइल चालेल. हा नाही. हा कॅमेरा सीरियस दिसतोय. परवानगी आणा."

परवानगीसाठी अर्ज केला. नागराजांनी नेहमीच्या तत्परतेनं उत्तर दिलं: मुद्दनकेरे अस्तित्वात नसल्यामुळे तिथं छायाचित्रण करण्यास परवानगी देता येत नाही.

बाबांनी उत्तर दोनदा वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आदर उमटला. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले.

आई तडक नागराजांसमोर जाऊन बसली. सोबत मी आणि गोणी. "तलाव आहे हे दाखवायला फोटो हवा म्हणता. फोटो काढायला तलाव असायला हवा म्हणता. मी काय करू?"

नागराजांना मनापासून वाईट वाटलं. "अम्मा, एक मार्ग आहे. तलावाच्या फोटोची परवानगी मागू नका. 'रिकाम्या जागेवरील पक्ष्यांचं छायाचित्रण' असा अर्ज करा. रिकामी जागा आमच्याकडे आहे. आत्ता देतो."

संध्याकाळच्या आत परवानगी मिळाली. अर्जावर अध्यक्ष, निमंत्रक आणि सचिव अशा सह्या होत्या. आईनं सही केली नाही. "मी रिकाम्या जागेत फिरायला जात नाही," ती म्हणाली. आम्हाला तिचा मुद्दा भावनिक वाटला.

महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी आम्ही काठावर उभे होतो. एका बाजूनं मातीचा उतार पाण्यात शिरला होता. उरलेल्या पाण्यात एक वठलेलं झाड होतं आणि त्याच्या फांदीवर एक झोळीवाला बसला होता, पिसं विंचरत, एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखा. तो तिथं बसणार हे आईला माहीत होतं. तिनंच आम्हाला त्या जागी उभं केलं होतं. ती लेन्सची कडी इतकी सावकाश फिरवत होती की, मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"आला," ती पुटपुटली. "डोळ्यातली पिवळी कडासुद्धा दिसतेय. पण मागचं पाणी पुसल्यासारखं दिसतंय रे. तेही येऊ दे की."

"त्यासाठी भोक लहान करावं लागेल, काकू."

"मग कर."

"लहान?" बाबा एकदम पुढे आले. "पैसे मोठ्याचे दिलेत. उद्या हिशेब तपासताना कुणी विचारलं, इतकं मोठं भोक घेऊन वापरलं लहान का, तर मी काय उत्तर देऊ?"

"एक्झॅक्टली, काका. दोन पॉइंट आठ घेऊन अकरावर शूट करणं म्हणजे पाप आहे."

"पापच ते," संध्याअक्का म्हणाल्या. "पूजा केलीय आपण त्याची."

"अहो, मला पाणी दाखवायचंय!"

"सुलभा, पक्षी मागितलाय त्यांनी. जे मागितलंय ते द्यावं. जास्तीचं दिलं की शंका येतात."

मतदान झालं. तीनास एक. सचिवाला मत नसतं. असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न सुदैवानं उद्भवला नाही. अध्यक्षांच्या हस्ते बटण दाबलं गेलं. मग गिरीराजनं शेकडो फोटो काढले, सगळेच्या सगळे पूर्ण भोकानं.

क्लब हाउसच्या मोठ्या पडद्यावर फोटो लागला तेव्हा टाळ्या पडल्या. खरंच अप्रतिम होता. पीस न् पीस मोजावं. चोचीवरचे ठिपके, मानेवरची लव, झोळीतली एक निळसर शीर. आणि मागे, केशर घातलेल्या श्रीखंडासारखा मऊ रंग. त्याला ना सुरुवात, ना शेवट.

"काय क्रीमी आलाय ब्लर!" गिरीराज उभा राहून म्हणाला.

"वसूल," बाबा म्हणाले.

आई पडद्याजवळ गेली आणि तिनं श्रीखंडाला हात लावून पाहिला.

दुपारी नागराजांनी फोटो हातात घेतला आणि ते खुर्चीतून उठले. शेजारच्या दोन टेबलांवरचे लोक बोलावले. कुणीतरी म्हणालं, कॅलेंडरवर छापावा. नागराज किती तरी वेळ बघत राहिले.

"अम्मा, हा पक्षी आहे. याबद्दल विभागाला आता तिळमात्र शंका नाही."

"झालं तर मग."

"पण तलाव कुठं आहे?"

"हा मागे."

"हा? ही भिंतही असू शकते. स्टुडिओतला पडदा असू शकतो. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, अम्मा, पण माझ्यावर माझे वरिष्ठ ठेवणार नाहीत."

"पहिल्या फोटोत तलाव होता की!" आईनं मोबाइल पुढं केला. "त्यात तलाव आहे, यात पक्षी आहे. दोन्ही एकत्र लावा."

नागराजांनी खेदानं मान हलवली. "एका फोटोत पक्षी नसलेला तलाव, दुसऱ्यात तलाव नसलेला पक्षी. दोन्ही जोडून पक्षी असलेला तलाव करायचा, म्हणजे एडिटिंग झालं. एडिट केलेला फोटो पुरावा म्हणून चालत नाही."

"मी आत्ता जाऊन दुसरा काढून आणते. अर्ध्या तासात येते."

"आज शेवटचा दिवस, अम्मा, आणि चार वाजले. शिवाय..." त्यांनी फाइल उलटी फिरवून आमच्यासमोर धरली. "पक्षी बसलाय ती रिकामी जागा आहे, असं तुमच्याच तिघांनी लिहून दिलंय."

आईनं सह्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी गोणीची दोरी नीट करत होतो.

नागराज आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले. फोटोची एक प्रत त्यांना घरी दिवाणखान्यात लावायला हवी होती. आम्ही दिली.

मंडळात निराशा पसरली, पण ती टिकली नाही. गिरीराजनं त्याच रात्री फोटो इंटरनेटवर टाकला आणि दोन दिवसांत तो लाखभर लोकांनी पाहिला. 'निसर्ग वाचवा' स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धेच्या प्रायोजकांना तो इतका भावला की, त्यांनी आपल्या नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीसाठी तो रीतसर परवानगी घेऊन वापरला. मागचा भाग धूसर असल्यामुळे तिथं अठरा मजली इमारत अगदी सहज बसली. प्रकल्प रिकाम्या जागेवर आहे. आता मुख्य रस्त्यावर चार माणसं उंच झोळीवाला लागलाय आणि खाली बारीक अक्षरांत आमच्या मंडळाचं नाव. पहिल्यांदा दिसला तेव्हा बाबांनी रिक्षा थांबवून आमचा त्याच्यासोबत फोटो काढला. मोबाइलवर. बाबांचा अंगठा आला, पण इमारत स्पष्ट आली.

आई आता सोसायटीच्या बेसमेंटमध्ये फेऱ्या मारते. मातीनं तलावात जाणारा ओढा अडल्यापासून तिथं दोन खांबांच्या मध्ये पाणी साचतं. ती तिथं जरा थांबते, मग पुढं जाते. नाश्त्याच्या वेळी काही सांगत नाही.

मध्यंतरी एकदा तिनं बाबांच्या फोनवरून इंटरनेटवरच्या त्या फोटोखाली लिहिलं, 'हा झोळीवाला ज्या तलावावर बसलाय त्यात आता माती टाकत आहेत. तलाव अजून थोडा शिल्लक आहे. कुणाला काही करता येईल का?' मी रोज बघतो. तिच्या प्रश्नाखाली आजवर पुष्कळ उत्तरं आली. एका दिल्लीच्या गृहस्थानं रडका चेहरा टाकला. बाकीच्या सगळ्यांनी विचारलंय, लेन्स कोणती?

मी ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगतो ते कळवळतात. शहरांचं काय होणार, म्हणतात. अधिकाऱ्यांना शिव्या देतात, बिल्डरला देतात, बाबांच्या भोकाला हसतात. मग क्षणभर थांबून, जरा संकोचानं, तेच विचारतात.

तुम्हीही विचारा, संकोच कसला. मात्र परत वर जाऊन शोधू नका. कंपनी आणि मॉडेल मी कुठंही लिहिलेलं नाही. तो तलाव नेमका कुठं आहे, हेही लिहिलेलं नाही. तुम्हाला ते विचारायचं आठवलं नसेल.